जाणूनबुजून

गेली दोन वर्षं मी थोर माणूस आहे.

त्याआधीची सत्तेचाळीस वर्षं मी अगदीच साधा होतो. शाळेतल्या प्रगतिपुस्तकात माझ्या वर्तनापुढे 'बरे' यापलीकडे कुणी काही लिहिलं नाही. पुढे बँकेत लागलो. तिथेही 'काम करतात' याहून मोठं प्रशस्तिपत्र माझ्या वाट्याला आलं नाही. पण हल्ली जिन्यात मला पाहिलं की लोक बाजूला होऊन वाट देतात. खालच्या मजल्यावरच्या काकांनी पार्किंगच्या प्रश्नावरून माझ्याशी अकरा वर्षं अबोला धरला होता. ते परवा हात जोडून म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय हो." (स्कूटर त्यांनी तेव्हाही माझ्याच जागेत लावली होती, ही गोष्ट निराळी.) आणि कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी माझ्याकडून कोथिंबिरीचे पैसे घेत नाहीत. "ऱ्हाऊ द्या दादा, तेवढंच पुन्य!" म्हणतात. भर पावसाळ्यात पुण्यात कोथिंबिरीची जुडी फुकट मिळणं, ही थोरपणाची किती कडक कसोटी आहे हे पुणेकरांना सांगायला नकोच.

या थोरपणाचं कारण साडेसहा वर्षांचं आहे आणि आत्ता आतल्या खोलीत माझ्या आईला पत्त्यांत हरवत आहे. तिचं नाव मी इथे सांगत नाही. आपलं नाव छापायला तिची परवानगी घ्यायला हवी, आणि सध्या ती कुठल्याच गोष्टीला परवानगी देण्याच्या मनःस्थितीत नसते. तेव्हा आपण तिला बाईसाहेब म्हणू. घरात तिचा दर्जा तोच आहे.

बाईसाहेबांना आम्ही दत्तक घेतलं. बाईसाहेबांना सेरेब्रल पाल्सी आहे. यातलं पहिलं वाक्य ऐकलं की लोक "वा, वा!" म्हणतात. दुसरं ऐकलं की "अरेरे!" म्हणतात. मग ही दोन्ही वाक्यं एकाच मुलीबद्दल आहेत हे ध्यानात आलं की क्षणभर थांबतात, आवाज खाली आणतात आणि विचारतात, "म्हणजे... जाणूनबुजून?"

हा शब्द मला फार आवडतो. मराठीत माणूस जाणूनबुजून फक्त वाईटच गोष्टी करतो. जाणूनबुजून कर चुकवतो, जाणूनबुजून दुर्लक्ष करतो, जाणूनबुजून साडूच्या घराच्या वास्तुशांतीला उशिरा पोचतो. जाणूनबुजून पुस्तक वाचलं किंवा जाणूनबुजून श्रीखंड खाल्लं असं कुणी म्हणत नाही. आम्ही मात्र जाणूनबुजून मुलगी आणली.

खरं सांगायचं तर आम्ही रांगेत उभे होतो. दत्तकाची नोंदणी आता संगणकावर होते. मुलगा हवा की मुलगी, वय काय, कुठल्या राज्यातलं, अशी सगळी विचारपूस असते. नवराबायकोच्या वयांची बेरीजही पाहतात. आमच्या लग्नात छत्तीस गुण पाहिले होते, इथे नव्वद भरले. नोंदणी करून आम्ही तीन वर्षं थांबलो. थोरली मुलगी दहाची होती ती तेराची झाली. एका रात्री सौ. संगणकावर बसली होती. ज्या मुलांच्या 'विशेष गरजा' असतात त्यांची यादी निराळी असते, ती तिने उघडली होती. मी विचारलं, "तिथे किती नंबर आहे?" ती म्हणाली, "तिथे रांगच नाही."

रेशनपासून रेल्वेपर्यंत आपल्या देशात मी सगळ्या खिडक्या पाहिल्या. रांग नसलेली खिडकी ही पहिलीच. मला त्या रात्री झोप लागली नाही.

त्या यादीत एक फोटो होता. सोबत दोन पानांचा वैद्यकीय अहवाल. त्यात या मुलीला काय काय येत नाही ते क्रमवार दिलं होतं. बसता येत नाही, उभं राहता येत नाही, हातात धरता येत नाही, स्पष्ट बोलता येत नाही. आणि फोटोत ती चौकटीच्या बाहेर कुठेतरी पाहून खदाखदा हसत होती. सौ. म्हणाली, "अहो, ही कशाला हसत असेल?"

एवढंच. आमच्या थोरपणाचं मूळ ते एवढंच. दोन पानांत एवढं सगळं होतं, पण हसायचं कारण दिलेलं नव्हतं आणि ते बायकोला कळायला हवं होतं. मी मात्र थोर माणसाला शोभेल असं वागलो. तीन रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. फिजिओथेरपीचा खर्च, रजा, सौ.ची शाळेतली नोकरी, माझी निवृत्ती, लिफ्टचं बंद पडण्याचं वार्षिक प्रमाण, सगळं मांडलं. हिशेब जमला नाही. चौथ्या दिवशी आम्ही होकार कळवला. बँकेत इतक्या वर्षांत असं कर्ज मी एकदाही मंजूर केलं नव्हतं.

प्रश्न आईचा होता. आईचं माहेर साताऱ्याचं. दत्तक नामंजूर करून १८४८ साली इंग्रजांनी सातारा खालसा केलं, ही गोष्ट गेल्या आठवड्यात घडल्यासारखी ती आजही मनाला लावून घेते. दत्तक म्हणजे गादीला वारस, असा तिचा सरळ हिशेब. "मुलगी दत्तक घेतात का कुठे?" हा तिचा पहिला प्रश्न. मी तिला समजावलं, की जुन्या शास्त्राप्रमाणे नव्हते घेत, पण १९५६ च्या कायद्यापासून घेतात. शिवाय आपली गादी एकच, आणि तीही कापसाची. त्यावर आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि चालता येत नाही म्हणतोस?" मी म्हटलं, "नाही." आई म्हणाली, "मलाही हल्ली कुठे येतंय? बसू दोघी."

पुढे गृहपाहणीला एक बाई आल्या. आईने त्यांना पोहे दिले आणि त्या निघेपर्यंत त्यांच्या तीन पिढ्यांची माहिती काढून घेतली. पाहणी नेमकी कुणी कुणाची केली ते अजून ठरायचं आहे. थोरलीचंही मत लेखी घेतलं. २०२२ पासून दत्तकाचा हुकूम कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. त्यामुळे आमची थोरली प्रसूतिगृहात जन्मली आणि धाकटी कलेक्टर कचेरीत. थोरलीचं जन्मतःच वजन पावणेतीन किलो होतं. धाकटीच्या फायलीचं साधारण तेवढंच भरलं असेल.

बाईसाहेब घरी आल्या आणि पहिल्याच सकाळी कुकरची शिट्टी झाली. ती होताच त्यांचे हात ताडकन बाजूला गेले, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढले आणि सगळं अंग लाकडासारखं ताठ झालं. आम्ही चौघं धावलो. आकडी आली असं वाटून मी चक्क बूट घालून स्वयंपाकघरात गेलो. आईने तो अपराध अजून माफ केलेला नाही. पुढे फिजिओथेरपिस्ट बाईंनी समजावून सांगितलं. अचानक आवाज झाला की तान्ही बाळं दचकतात तसाच हा प्रकार. इतर मुलांचं ते दचकणं काही महिन्यांत मावळतं, काही मुलांचं मावळत नाही. मेंदूच्या ज्या भागातून स्नायूंना हुकूम सुटतात, तिथे जन्माच्या आगेमागे कधीतरी इजा झालेली असते. ती वाढत नाही, पण जातही नाही. स्नायू धडधाकट असतात, हुकूम मात्र चुकीचे पोचतात. 'सैल सोड' म्हटलं की 'आवळ' असं ऐकू येतं. आमच्या बँकेच्या मुख्य कचेरीचा आणि शाखांचा कारभार मला ठाऊक असल्यामुळे हे मला चटकन समजलं.

तेव्हापासून आमच्या घरात शिट्टीआधी "शिट्टी येतेय हं!" असा पुकारा होतो. आई कुकरजवळ स्टूल टाकून बसते आणि स्टेशनमास्तरच्या तोऱ्यात गाडी आल्याची वर्दी देते. अशी वर्दी मिळाली की बाईसाहेब दचकत नाहीत, उलट आनंदाने किंचाळतात. मग आम्ही दचकतो.

त्या बोलतात त्या नजरेने. 'हो' म्हणायचं असेल तर वर पाहतात, 'नाही' असेल तर डोळे घट्ट मिटतात. आई पहिले चार दिवस समजत होती, की मुलगी फार भाविक आहे. "जेवतेस का?" म्हटलं की आधी देवाकडे बघते! खरी गोष्ट कळल्यावर तिने या सोयीचा लगेच फायदा घेतला. पत्त्यांच्या डावात "हे पान टाकू?" असं आई विचारते, बाईसाहेब डोळ्यांनी उत्तर देतात, आणि आई हरते. आईचं म्हणणं असं, की ती मुद्दाम हरते. आईच्या बाजूने साक्ष द्यायला घरात कुणी तयार नाही.

दिवसाची सुरुवात पाय ताणण्याने होते. पोटऱ्या, मांड्यांच्या शिरा, टाचा. हळू, न झटकता, मनात तीस आकडे मोजत. मग पायांना स्प्लिंट बांधायचे, मग उभं राहायच्या चौकटीत उभं करायचं. मग नाश्ता. तो पाऊण तास चालतो. मान मागे टाकून भरवायचं नाही, घास चुकीच्या नळीत जाऊ शकतो. हनुवटी जरा खाली, चमचा समोरून. इतकी वर्षं मी उभ्याउभ्या सात मिनिटांत नाश्ता उरकत आलो होतो. पोह्यांत शेंगदाणे असतात हे मला बाईसाहेबांना पोहे बारीक करून भरवताना पहिल्यांदा नीट समजलं.

आता तुम्ही विचाराल ते सगळेच विचारतात. हे झालं कशामुळे? मुलीच्या आजारावर मराठी माणसाचं लक्ष जरा उशिरा जातं, आधी आरोपी कोण ते ठरायला हवं असतं. शेजारच्या काकूंचं मत ग्रहण. माझ्या मावसभावाचं मत मोबाइलचे मनोरे. माझ्या साहेबांचं मत हल्लीचे डॉक्टर. यावर मी थोडं वाचलं. १८६१ साली लंडनच्या विल्यम लिटल नावाच्या शस्त्रवैद्याने या व्याधीचा संबंध अवघड बाळंतपणाशी जोडला. त्याचा स्वतःचा एक पाय लहानपणापासून अधू होता. पुढे ३६ वर्षांनी व्हिएन्नाच्या एका डॉक्टरने याच विषयावर मोठा ग्रंथ लिहून सुचवलं, की अवघड बाळंतपण हे कारण नसून आधीच घडलेल्या कशाचा तरी परिणामही असू शकेल. म्हणजे दोष सुइणीचा नाही, बाळंतिणीचा तर नाहीच नाही. या डॉक्टरांचं नाव सिग्मंड फ्रॉइड. पुढे जगातल्या यच्चयावत दुखण्यांचं खापर आईबापांवर फोडण्याबद्दल जे प्रसिद्ध पावले, तेच हे! एवढ्या एका बाबतीत मात्र त्यांनी आयांना सोडून दिलं होतं, आणि नेमकं तेवढंच लोकांच्या ध्यानात राहिलं नाही. आजही कधी अपुऱ्या दिवसांचं बाळ, कधी जन्मताना प्राणवायू कमी, कधी तीव्र कावीळ, कधी जंतुसंसर्ग असं सांगतात, आणि पुष्कळदा नेमकं सांगताच येत नाही. पण 'सांगता येत नाही' हे उत्तर आमच्या सोसायटीत कुणी स्वीकारत नाही.

हे सगळं मी थट्टेवारी नेत होतो. एका गुरुवारी ते मला जमेनासं झालं.

थेरपीच्या केंद्राबाहेर एक बाक आहे. मुलं आत असली की पालक त्या बाकावर बसतात. माझ्या शेजारी नेहमी एक बाई असायच्या. पोळ्या लाटायची कामं करतात, मुलाला कडेवर घेऊन दोन बस बदलून येतात. मुलगा नऊ वर्षांचा. बाईसाहेबांसारखाच, तेच स्प्लिंट, तीच चौकट, शिट्टी ऐकली की तसाच दचकणारा. त्या दिवशी कुणी एक गृहस्थ बाहेर आले. कुणाकडून तरी माझी कीर्ती ऐकली होती त्यांनी. ते चक्क माझ्या पायांकडे वाकले. मी पाय मागे घेतले, त्या गडबडीत बाकावरून पडता पडता वाचलो. गृहस्थ गेले. बाई जरा वेळाने म्हणाल्या, "दादा, एक विचारू? राग नका मानू."

"विचारा की."

"तुमच्या पोरीकडं बघून लोक तुमच्या पाया पडत्यात. माझ्या पोराकडं बघून मला विचारत्यात, गेल्या जन्मी काय पाप केलतंस बाई? पोरं तर सारखीच हायेत की दोघं."

मला उत्तर आलं नाही. त्यांनाही नको होतं बहुतेक. त्यांचा मुलगा बाहेर आला, त्यांनी त्याला उचललं आणि बस गाठायला निघाल्या.

मी बँकेतला माणूस. बाकीचं तत्त्वज्ञान मला कळत नाही, पण जमा आणि नावे कळतं. एकच व्हाउचर त्या बाईंच्या खात्यात पाप म्हणून नावे पडतं आणि माझ्या खात्यात पुण्य म्हणून जमा होतं, हा कुठला ताळेबंद? असा हिशेब माझ्या टेबलावर आला असता तर मी शाखाच तपासणीला लावली असती. आणि मुख्य म्हणजे ते व्हाउचर म्हणजे माणूस आहे. साडेसहा वर्षांचं, पत्त्यांत आजीला हरवणारं. तिचं स्वतःचं खातं कुठे आहे? तिने गेल्या जन्मी काय केलं, पुढच्या जन्मी तिला काय मिळणार, याची चौकशी कुणी करत नाही. ती फक्त कुणाच्या तरी पासबुकातली नोंद.

आणि एकदा हिशेब उघडल्यावर आणखी एक पान निघालं. बाईसाहेबांना जन्म देणारी कुणी एक बाई आहे. मला थोर म्हणणारे लोक त्याच दमात तिच्या नावाने बोटं मोडतात. "काळीज तरी कसं झालं हो!" मला जमा करायचं तर कुणाला तरी नावे टाकलंच पाहिजे, हा द्विनोंदी पद्धतीचा नियमच आहे. पण मी माझी ती तीन रात्रींची आकडेमोड काढून पाहिली. त्यात माझा पगार होता, रजा होती, घरात आई होती, पोहे बारीक करायला मिक्सर होता. एवढं सगळं असून हिशेब जमत नव्हता. त्यातलं एकेक काढत गेलं तर शेवटी काय उरतं? एकटी बाई आणि ताठ होणारं मूल. तिने कशी रात्र काढली असेल मला माहीत नाही. तिच्या नावावर काही लिहायचा अधिकार माझ्याकडे नाही. ते व्हाउचर मी सही न करता तसंच ठेवलं आहे.

बरं, एवढा उदात्त विचार केल्यावर माणसाने निदान आठवडाभर तरी चांगलं वागावं की नाही? पुढच्याच सोमवारी मी बाईसाहेबांवर ओरडलो.

बँकेत तपासणी होती. सौ. शाळेत, आईला ताप. बाईसाहेबांनी पाऊण तासात चार चमचे खाल्ले आणि पाचवा माझ्या इस्त्रीच्या शर्टावर परत केला. मुद्दाम. मला ठाऊक आहे मुद्दाम होता, कारण त्या हसल्या. मी जोरात ओरडलो. त्या ताडकन ताठ झाल्या, चमचा उडाला, आणि मग हमसून हमसून रडायला लागल्या. मी बाजूला बसलो. शर्टावर पोहे, आणि माझा सगळा थोरपणा कुठच्या कुठे गेलेला. अनाथ अपंग पोरीवर ओरडणारा माणूस! उद्या जिन्यात काय तोंड दाखवू?

थोरली क्लासला निघाली होती. दारातून सगळं पाहत होती. पंधरा वर्षांची मुलगी बापाला कुठल्या नजरेने पाहते ते ज्यांना मुली आहेत त्यांनाच ठाऊक. मी म्हटलं, "चुकलं माझं."

"चुकलंच," ती म्हणाली. "ती दचकते ना. मोठ्याने नाही ओरडायचं, हळू आवाजात रागवायचं." मग दप्तर ठेवून बहिणीचे पाय सैल करता करता म्हणाली, "पण बरं झालं बाबा. मला तू रोज रागवतोस. हिला दोन वर्षांत एकदाही नाही. मला वाटायला लागलं होतं, की हिला तू पाहुणीच समजतोस."

मी काही बोललो नाही. बाईसाहेबांनी रडणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "मुद्दाम थुंकलीस ना?" त्यांनी छताकडे पाहिलं.

गुरुवारी बाकावर मी ही गोष्ट त्या बाईंना सांगितली. शर्टासकट. त्या इतक्या हसल्या, की आतून एक थेरपिस्ट डोकावून गेल्या. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "बघा दादा, तुम्हाला चिडायची चोरी आन् मला हसायची. मी अशी हसले ना, की शेजारच्या म्हनत्यात, असलं पोर पदरात असून हिला काहीच कसं वाटत न्हाई."

इतके दिवस आम्ही एका बाकावर बसत होतो. त्या दिवशी शेजारी बसलो.

मी त्यांना म्हटलं, की आपल्यात एक फरक मात्र आहे. मला विचारलं होतं, तुम्हाला विचारलं नव्हतं. मी निवड केली. त्या म्हणाल्या, "किती दिस लागले निवडायला?" म्हटलं, तीन रात्री. "आन् नंतरचं?" नंतरचं म्हणजे दोन वर्षांच्या सकाळी. पाय ताणणं, तीस आकडे, स्प्लिंट, चौकट, चमचा. ते त्यांच्या घरी आणि माझ्या घरी सारखंच. निवडीच्या तीन रात्री सोडल्या तर आमच्या वह्या ओळीला ओळ जुळतात. त्यांनी तर मुलाला नऊ वर्षं रोज सकाळी नव्याने उचलून घेतलंय. त्याला जाणूनबुजून नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

अशा निवडी आपल्याकडे आधीही झाल्या आहेत. १९७२ साली मुंबईत मिठू अलूर यांनी अशा मुलांसाठी शाळा काढली. तीही उपकार म्हणून नव्हे, आपल्या मुलीला कुठल्या शाळेत जागा नव्हती म्हणून. त्या मुलीने, मालिनी छिब यांनी, पुढे एका बोटाने टाइप करून आत्मचरित्र लिहिलं. परवा मी हे आईला सांगितलं. आई म्हणाली, "एका बोटाने? आणि तू दहा बोटांनी काय लिहितोस?"

आता उरला तो प्रश्न, ज्याची थट्टा मला अजून जमलेली नाही. आमच्यानंतर काय? हा प्रश्न बाकावरचे सगळे विचारतात, मोठ्याने कुणीच नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याने एक सोय केली आहे. मूल अठरा वर्षांचं झालं की गरजेप्रमाणे कायदेशीर पालक नेमता येतो, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करून. म्हणजे पुन्हा कलेक्टर कचेरी. बाईसाहेबांचं माहेरच ते. पण अर्जात नाव कुणाचं घालायचं? सगळे नातेवाईक एका सुरात म्हणतात, "थोरली आहे की!" आम्हीही मनात तेच धरून चाललो होतो. लेखी संमती होतीच तिची. पण तेरा वर्षांच्या मुलीच्या सहीवर मी बँकेत तिला साधं चेकबुक दिलं नसतं.

एका रात्री मी तिला विचारलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, मला आत्ता नको विचारूस. आणि माझ्या वतीने तू थोर होऊ नकोस. माझं काय ते मी मोठी झाल्यावर सांगेन."

मला ते लागलं. पण पटलंही. आम्ही बाईसाहेबांची निवड केली, थोरलीने केलेली नाही. तिची ती तीन रात्रींची आकडेमोड अजून व्हायची आहे आणि ती तिच्या कॅल्क्युलेटरवर. उत्तर 'नाही' आलं, तरी तिच्या खात्यात काही नावे टाकायचं नाही, एवढं सौ.ने आणि मी ठरवलं आहे. पैसे साठवतो आहोत, माहिती काढतो आहोत, बाकावरच्या चार घरांनी मिळून पुढे काही करता येईल का ते बोलतो आहोत. रात्री कधीकधी झोप येत नाही. तेव्हा आतल्या खोलीतून आईचं आणि बाईसाहेबांचं घोरणं एका लयीत ऐकू येतं. एक सत्त्याहत्तर वर्षांची, एक साडेसहा, दोघींनाही उद्याची काळजी नाही. तेवढ्या आवाजावर झोप लागते.

गेल्या रविवारी बाईसाहेबांना चाकाच्या खुर्चीत बसवून भाजीला नेलं. मावशी नेहमीप्रमाणे कोथिंबिरीची जुडी पुढे करत म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या दादा." इतक्यात मागून एका मोटारीने कर्णा वाजवला. बाईसाहेबांचा पाय ताडकन सुटला आणि मावशींचा टोमॅटोचा ढीग निम्म्या रस्त्यावर गेला. मी टोमॅटो गोळा करायला धावलो. सगळे रचून झाले. मावशी म्हणाल्या, "असूं दे, दचकली लेकरू." बाईसाहेबांनी ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि या वेळी कुठलाही कर्णा वाजलेला नसताना, अगदी शांतपणे, फार प्रयत्नाने पाय उचलून दुसऱ्यांदा लाथ मारली. आणि खदाखदा हसल्या, थेट त्या फोटोतल्यासारख्या.

"अगं बया!" मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "लई द्वाड हाय की पोरगी तुमची! वळन न्हाई का लावत?"

दोन वर्षांत बाहेरच्या कुणी तिला बिचारी, देवाचं लेकरू, तुमचं पुण्य, असं सगळं म्हटलं होतं. द्वाड कुणी म्हटलं नव्हतं. मी खाली बसून टोमॅटो वेचत होतो, म्हणून माझा चेहरा मावशींना दिसला नाही.

फुटलेल्या टोमॅटोचे त्यांनी चाळीस रुपये लावले. आणि कोथिंबिरीचे वीस.

मी एकही पैसा कमी केला नाही.